फाल्मरच्या बोगद्यातली पोस्टरं

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला. ब्रिटनमध्ये म्हणे बाईला बाई म्हटलं तरी नोकरी जाते. खाली नाशिकच्या मामांचा प्रश्न: ‘काय गं, खरं का हे?’ मी ब्रायटनला राहते आणि ज्या प्रकरणावरून हे सगळं पिकलं ते इथून रेल्वेने दहाएक मिनिटांवर, फाल्मरला घडलं. मामांना एका ओळीत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे लिहिते.

फाल्मर स्टेशनच्या एका बाजूला फुटबॉलचं मोठं स्टेडियम, तर दुसरीकडे रस्त्याखालच्या बोगद्यातून गेलं की ससेक्स विद्यापीठ. लाल विटांच्या कमानी, मागे हिरव्या टेकड्या. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये याच बोगद्यात पोस्टरं लागली. मागणी एकच: कॅथलीन स्टॉक यांना काढा.

स्टॉकबाई तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक, 2003 पासून इथेच. त्यांचं म्हणणं असं, की जैविक लिंग बदलता येत नाही. तुरुंग, निवारागृहं, कपडे बदलायच्या खोल्या अशा ठिकाणचे नियम त्यावरच ठरावेत. ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या लोकांना भेदभावापासून कायद्याचं संरक्षण हवं, हेही त्या म्हणत, पण ते फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. विरोधातल्या विद्यार्थ्यांचं म्हणणं, हा वर्गातला वादविवाद नाही, आमच्या अस्तित्वावरच प्रश्नचिन्ह आहे. तोंडं झाकून, रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवून त्यांनी निदर्शनं केली. कुलगुरू स्टॉकबाईंच्या बाजूने उभे राहिले. पण प्राध्यापकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने मात्र संस्थेतल्या ट्रान्सद्वेषाची चौकशी करा, अशी मागणी केली. महिना संपायच्या आत बाईंनी राजीनामा दिला.

म्हणजे नोकरीवरून काढलं कुणीच नाही. त्यांनी सोडली, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत विल्सन कॉलेजने र. धों. कर्व्यांना संततिनियमनाचा प्रचार किंवा नोकरी, यातलं एक निवडायला लावलं, तेव्हा दबाव वरून होता. इथे वरचे लोक पाठीशी होते आणि दबाव आला समोरच्या बाकांवरून आणि शेजारच्या केबिनमधून. त्याच्याशी लढायची रीत कुठल्याच सेवानियमात लिहिलेली नसते.

खरी गंमत पुढे झाली. गंमत कसली म्हणा, विद्यापीठाला चांगलंच महागात पडलं. उच्च शिक्षणाची नियामक संस्था, ऑफिस फॉर स्टुडंट्स, हिने साडेतीन वर्षं चौकशी केली आणि मार्च 2025 मध्ये ससेक्सला 5,85,000 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेसहा कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कशासाठी? निदर्शनांसाठी नव्हे. निदर्शनं हीसुद्धा अभिव्यक्तीच. दंड झाला तो मुख्यतः विद्यापीठाच्या एका धोरणपत्रकावरून. अभ्यासक्रमात ट्रान्स व्यक्तींचं चित्रण सकारात्मकच असावं आणि ट्रान्सद्वेषी प्रचार खपवून घेतला जाणार नाही, अशा आशयाची कलमं त्यात होती. वाचायला किती निरुपद्रवी! पण ‘प्रचार’ म्हणजे काय हे कोण ठरवणार, आणि समाजशास्त्र शिकवणाऱ्याने एखाद्या गटाबद्दल फक्त चांगलंच बोलायचं, तर तो शिकवणार काय? माझ्या मते ते पत्रक चुकीचंच होतं. पण एवढा दंड लावला की बाकीची विद्यापीठं मोकळी होतात की वकिलांना विचारल्याशिवाय तोंड उघडेनाशी होतात, याबद्दल मला शंका आहे. ससेक्सनेही दंड मान्य न करता न्यायालयात धाव घेतली.

विद्यार्थ्यांचा राग नुसता पोरकटपणा म्हणून उडवून लावू नका. मार्गारेट थॅचर यांच्या काळात, 1988 मध्ये, ‘कलम 28’ आलं. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, असा कायदा. त्याच्या धास्तीने कितीतरी शिक्षक वर्गात त्या विषयाचं नावही काढत नसत. इंग्लंडमध्ये तो थेट 2003 मध्ये रद्द झाला. ब्रायटनमध्ये त्या काळात वाढलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. ‘शिक्षणात विचारसरणी नको’ हे वाक्य ऐकलं की त्यांना पहिल्यांदा तेच आठवतं. सरकारने लादलेली गप्प बसवणारी विचारसरणी त्यांनी भोगलेली आहे.

कायद्याचा लंबक मात्र आता दुसरीकडे गेला आहे. जैविक लिंग बदलत नाही ही धारणा बाळगणं समानता कायद्याने संरक्षित आहे, असं याच मतांवरून काम गमावलेल्या माया फोर्स्टेटर यांच्या खटल्यात 2021 मध्येच ठरलं. पुढे 16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की 2010 च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री. ट्रान्स व्यक्तींना भेदभावाविरुद्धचं संरक्षण कायम आहे आणि हा कुणा एका गटाचा विजय समजू नका, असंही त्यांनी बजावलं. बाहेर शॅम्पेन उडायची ती उडालीच. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नाल्सा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता, हे मी इथल्या मित्रांना सांगते तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. भारत या बाबतीत ब्रिटनच्या मागेच असणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं असतं.

आता पाळी शाळांची. सप्टेंबर 2026 पासूनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात, की प्रत्येकाला लिंगओळख असतेच हे सिद्ध सत्य म्हणून शिकवू नका. कायदा काय म्हणतो ते मात्र शिकवा. माझी एक मैत्रीण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. गुणसूत्रांचा धडा ती वर्षानुवर्षं बिनधास्त घेत आली आहे. तिची अडचण धड्यानंतर सुरू होते. एखादं मूल थांबून विचारतं, ‘मग माझं काय?’ हे सूचनांच्या भाषेत वादग्रस्त मत नसतं, समोर उभं असलेलं मूल असतं. ती त्याच्याशी बोलते, आणि नंतर काय बोलणं झालं ते तारखेसह वहीत लिहून ठेवते. पूर्वी अशी वही तिच्याकडे नव्हती.