पुणे – गणपतीपुळे – कोल्हापूर – पुणे : बॅटरी नवी, तरी सेल्फ लागत नाही

मार्ग असा: पुणे, सातारा, कराड, तिथून कोकरूडमार्गे मलकापूर (हे शाहूवाडी तालुक्यातलं, कराडला लागून असलेलं नव्हे), आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, निवळी, गणपतीपुळे. परतताना त्याच घाटाने कोल्हापूरला मुक्काम आणि मग महामार्गाने पुणे. महिना जुलै. गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, बसवून तीनच महिने झालेले. आधीची बॅटरी ‘चार्ज धरत नाही’ म्हणून भंगारात गेली होती, आणि नवीचंही तेच सुरू झालं होतं. सोमवारी सकाळी सेल्फ हमखास जड.

अशा वेळी ‘बॅटरीच खराब निघाली’ असं म्हणून दुकान गाठू नका. चार्ज टिकत नाही याची कारणं तीन: डायनामो (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर) बॅटरी भरतच नाही, बॅटरी भरते पण धरत नाही, किंवा गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातं. तिन्हींचं लक्षण एकच, उपाय मात्र पूर्ण वेगळे. कोणतं कारण आहे ते पाचशे-हजार रुपयांच्या मल्टिमीटरने कळतं. या प्रवासात मीटर डिकीत होता, म्हणून छडा लागला.

शुक्रवारी सकाळी पुण्यात, रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्ट १२.३१. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. हा आकडा इंजिन बंद केल्या केल्या घेऊ नका. तेव्हा प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज मीटरला फसवतो आणि मरतुकडी बॅटरीही १२.८ दाखवते. चार-पाच तास थांबा, नाहीतर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि पाच मिनिटांनी मोजा.

सेल्फ मारताना व्होल्ट १०.१ पर्यंत उतरले. ९.६ च्या खाली जात नाहीत तोवर बॅटरीत जीव आहे. इंजिन चालू झाल्यावर १४.२. हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि वायपर लावूनही १३.९. म्हणजे डायनामो निर्दोष. इथे १३.२ च्या खाली आकडा आला असता तर बेल्ट घसरतोय का, डायनामोची जाड तार आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी कुजली आहे का, हे पाहावं लागलं असतं. १५ च्या वर गेला असता तर व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलेला आणि बॅटरीतलं पाणी उकळत असणार. अलीकडच्या काही गाड्यांत डायनामो संगणकाच्या हुकमाने चालतो. तिथे चालत्या गाडीत १२.६ दिसलं तरी घाबरू नका, हेडलाइट लावून पुन्हा मोजा.

घाटात दाट धुकं. नुसत्या दोन हेडलाइटना ११० वॉट म्हणजे नऊएक अँपिअर लागतात, त्यावर वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर. इंजिन आयडलला असताना डायनामो पूर्ण क्षमतेने करंट देत नाही, म्हणून घाटात वाहनांची रांग लागली तर मागचा हीटर आधी बंद करा. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट चालू आहे याची खात्री करा, दरडी येतात.

गणपतीपुळ्याला संध्याकाळी ६ वाजता गाडी उभी केली ती थेट रविवारी सकाळी ८ वाजता उघडली. ३८ तास. व्होल्ट ११.९, किल्ली फिरवली की बॉनेटखालून नुसती टिकटिक. दिवसभर रस्त्यावर भरलेली बॅटरी दोन रात्रींत रिकामी.

अशा वेळी दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून सेल्फ मारायचा. त्यासाठी जंपर केबल लावायचा क्रम पाठच करा. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगलीच्या प्लसला. काळा चांगलीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा मेलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. शेवटची ठिणगी तिथे पडू देऊ नये. स्वस्तातल्या बारीक केबली गरम होतात आणि सेल्फ फिरतच नाही. तांब्याची, किमान १६ चौरस मिलिमीटरची घ्या. जोडल्यावर पाच मिनिटं दुसरी गाडी चालू ठेवा, मग किल्ली फिरवा. केबल नसेल तर मॅन्युअल गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये धक्का चालतो. इंजिन पेटेपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतात, हे स्टिअरिंगवर बसणाऱ्याने लक्षात ठेवावं. ऑटोमॅटिक गाडीला धक्का देऊ नका. बॅटरीचा संशय असेल तर कोकणात गाडी उताराला तोंड करून लावा आणि पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरून ठेवा. पंपावर इंजिन बंद करावंच लागतं, आणि जंप दिलेली गाडी तासाभरात पुन्हा उठेलच असं नाही.

त्या दिवशी कोल्हापूरला पोचल्यावर १० नंबरच्या पान्याने मायनस टर्मिनल सोडवून गाडी रात्रभर तशीच ठेवली. साऱ्या तपासाचा निकाल याच चाचणीत लागतो. मायनस सुटा असताना सकाळी व्होल्ट पडलेले असतील तर दोष बॅटरीत. १०.५ च्या आसपास आले तर सहापैकी एक सेल बसलेला, त्याला इलाज नाही. इथे सोमवारी सकाळी १२.५२ भरले. बॅटरी चार्ज धरत होती. खाणारा गाडीत होता.

तो शोधायला मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि मायनस टर्मिनल व सुटी तार यांच्यामध्ये जोडा. दाराचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, म्हणजे दार उघडं असूनही आतला दिवा विझेल. बॉनेट उघडंच ठेवा, किल्ली लांब ठेवा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. आधी दोन-तीन अँपिअर दिसतील; गाडीतले कंट्रोलर (छोटे संगणक) झोपी जायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. इथे काटा ०.६२ वर अडला. गुणाकार करा: ०.६२ गुणिले ३८ तास म्हणजे साडेतेवीस अँपिअर-अवर. पस्तीसच्या बॅटरीतून एवढं गेल्यावर, त्यातही तीन महिने अर्धपोटी राहून तिची क्षमता घटलेली असताना, सेल्फ काय फिरणार!

फ्यूज उपटत सुटू नका, एखादा कंट्रोलर जागा होतो आणि आकडे पुन्हा चढतात. दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना लावा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून करंट जात नाही. इथे जवळजवळ सगळे शून्य. मग नजर बॅटरीच्या प्लस टर्मिनलकडे वळली: कंपनीच्या तारेखाली दाबून बसवलेली एक बाहेरची जाड लाल तार, वीतभर अंतरावर काळी फ्यूज-डबी, आत हिरवा ३० अँपिअरचा फ्यूज. नंतर बसवलेल्या म्युझिक ॲम्प्लिफायरची. तो फ्यूज काढला आणि ०.६२ चे थेट ०.०३ झाले.

ॲम्प्लिफायर निर्दोष होता, जोडणी चुकलेली होती. त्याला ‘जागा हो’ सांगणारी रिमोटची तार स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या तारेला जोडायची असते. ती पिवळीला, म्हणजे कायम चालू पुरवठ्याला, जोडून ठेवली होती. स्टिरिओ बंद, ॲम्प्लिफायर चोवीस तास जागा. जोड बदलायला वीस मिनिटं लागली. डॅशकॅमचा पार्किंग मोड, जीपीएस ट्रॅकर, डिकीचा न विझणारा दिवा यांचाही संशय असाच धरा. ५ वॉटचा बल्बसुद्धा दिवसाला दहा अँपिअर-अवर खातो. बाहेरचं काही सापडलं नाही तर डायनामोची जाड तार सोडवून बघा. त्याचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल तर आकडा तिथे पडतो.

खोल उतरलेली बॅटरी गाडी चालवून पूर्ण भरत नाही. पुण्यात पोचल्यावर ती चार्जरवर लावली: क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे साडेतीन अँपिअरने, बारा तास. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली होती. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ती धुतली, कोरडं करून टर्मिनल घट्ट आवळले आणि वरून व्हॅसलिन लावलं. सोडवताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. त्यानंतर दोन रात्री गाडी हलवली नाही. तिसऱ्या सकाळी मीटरवर १२.६४.