बास्केटबॉलचं माहेर: स्प्रिंगफिल्ड आणि आसपास

बास्केटबॉलसाठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफिल्डला जाणारे बहुतेक लोक नदीकाठच्या घुमटाकार हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांचा गौरव करणाऱ्या संग्रहालयात, दोन-तीन तास घालवतात आणि परततात. हॉल बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. खेळ जन्मला ती जागा तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, मेसन स्क्वेअरला आहे.

स्टेट स्ट्रीट आणि शर्मन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेची व्यायामशाळा होती. आज तिथे बर्गरचं दुकान आहे आणि कोपऱ्यावर एक स्मारक. डिसेंबर 1891 मध्ये हिवाळ्यात कंटाळलेल्या 18 विद्यार्थ्यांसाठी जेम्स नायस्मिथ या कॅनेडियन शिक्षकाने इथेच नवा खेळ मांडला. शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवरच असते! चेंडू फुटबॉलचा, दोन्ही संघांत नऊ-नऊ खेळाडू, आणि पहिल्या सामन्यात गोल एकच. त्या अठरा जणांत गेन्झाबुरो इशिकावा हा जपानी विद्यार्थीही होता. त्याने काढलेलं त्या खेळाचं चित्र उपलब्ध आहे, जाण्याआधी नक्की पाहून घ्या.

हॉलमध्ये लिफ्टने थेट वर जा आणि एकेक मजला उतरत या. खालच्या कोर्टवर स्वतः चेंडू टाकता येतो, त्यामुळे पायात बूट हवेत. मुलं बरोबर असतील तर ती तिथून हलणार नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा. मी मात्र रमले ते विसरलेल्या प्रथांमध्ये. टोपलीला बूड असल्यामुळे गोल झाला की शिडी लावून चेंडू काढायचा. चेंडू हातात घेऊन पळणं मना होतं आणि ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, मूळ नियमांत नव्हतंच. उभं राहून पास द्यायचा. गॅलरीतले प्रेक्षक चेंडूला हात लावायचे, म्हणून टोपलीमागे बोर्ड आला. रेषेबाहेर गेलेला चेंडू पहिला स्पर्श करणाऱ्याचा, त्यामुळे झुंबड उडे. मग काही ठिकाणी कोर्टाभोवती चक्क तारेच्या जाळीचा पिंजराच उभारू लागले. प्रत्येक गोलनंतर मध्यभागी पुन्हा चेंडू उडवायची पद्धत तर 1937 पर्यंत टिकली.

पुढचा टप्पा नॉर्दम्प्टन, उत्तरेला साधारण तीस किलोमीटर. इथल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने 1892 मध्येच खेळ मुलींसाठी बेतला. तिने कोर्टाचे तीन भाग केले आणि आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकावायचा नाही असे नियम घातले. 22 मार्च 1893 ला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, तोही पुरुषांना प्रवेश बंद ठेवून. मुलींचं खेळणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे कॉलेजच्या आवारात फिरताना फार जाणवलं. मला हा भाग हॉलइतकाच महत्त्वाचा वाटतो. बेरेन्सनला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं ते 1985 साली.

वाटेत होल्योक लागतं. 1895 मध्ये व्हॉलीबॉल तिथे जन्मला, तोही वायएमसीएतच. वेळ असेल तर उतरा.

न्यूयॉर्कहून स्प्रिंगफिल्डला थेट रेल्वे आहे, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. बॉस्टनहून बस सोयीची. स्टेशनपासून हॉल चालत जाण्याजोगा आहे. नॉर्दम्प्टनच्या गाड्या मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. गाडी भाड्याने घेतलीत तर तिन्ही गावं एका दिवसात होतात. हिवाळ्यात हॉलच्या वेळा बदलतात, त्या निघण्याआधी तपासा.

आपल्याकडचा धागाही इथूनच निघतो. 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढणारे हॅरी क्रो बक स्प्रिंगफिल्डच्या याच वायएमसीए शाळेत शिकलेले.

नायस्मिथच्या मूळ तेरा नियमांचे टाइप केलेले कागद मात्र स्प्रिंगफिल्डमध्ये शोधू नका. 2010 च्या लिलावात ते 43 लाख डॉलरला गेले आणि आता लॉरेन्स गावी, कॅन्सस विद्यापीठात आहेत. नायस्मिथची समाधीही लॉरेन्समध्येच आहे, म्हणून त्यासाठी वेगळा प्रवास आखा.