भांड्यावरचं नाव

लंडनला जुन्या वस्तूंचा व्यापार शिकायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सरांनी माझ्या हातात चांदीची एक जुनी चहाची किटली ठेवली आणि म्हणाले, "आधी भिंग लावू नकोस. तिच्यावर श्वास सोड." चष्मा पुसताना आपण काचेवर 'हाऽऽ' करतो ना, अगदी तसं. किटलीच्या पोटावर वाफ धरली आणि विरायला लागली, पण विरता विरता मध्यभागी एक लंबगोल रेघ दिसून गेली. तिथली कुणाची तरी आद्याक्षरं काढून टाकून चांदीचा तुकडा डाक देऊन बसवला होता. नुसत्या उजेडात मी ती किटली तीनदा फिरवून पाहिली होती. मला काहीच दिसलं नव्हतं.

"नाव काढलेलं भांडं," सर म्हणाले, "म्हणजे अर्धं भांडं."

मी नागपूरच्या महाल भागातली, मूर्तिकारांच्या चितार ओळीपासून दोन गल्ल्या पलीकडची. गणपतीआधी शाळेतून येताना तिथं तासभर थांबून मूर्तीचे डोळे रंगवताना पाहायचं, हे माझं कलेचं पहिलं शिक्षण. पुढे नागपूर विद्यापीठातून प्राचीन भारतीय इतिहासात एम. ए. केलं, शेकडो वेळा अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, गेले आणि मग कला आणि पुराणवस्तूंच्या व्यापाराचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायला इकडे आले. आता एका छोट्या लिलावगृहात कॅटलॉग तयार करण्याचं काम करते. गावाकडून बरेच जण विचारतात की यात नेमकं शिकवतात तरी काय, म्हणून हे लिहितेय.

मला वाटलं होतं कलेचा इतिहास शिकवतील. तो होताच, पण निम्म्याहून कमी. बाकी करार, विमा, कर, जकात, निर्यातीचे परवाने. एकाच टेबलाच्या तीन किमती काढायच्या : लिलावात किती येतील ते, विम्यासाठी तसंच टेबल दुकानातून परत घ्यायला किती पडतील ते, आणि मालक वारल्यावर वारसाकरासाठी किती धरायचे ते. तिन्ही आकडे वेगळे आणि तिन्ही खरे, हे पटायला मला महिना लागला. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर घेणाऱ्याला आणखी प्रीमियम भरावा लागतो, विकणाऱ्याच्या रकमेतून कमिशन कापलं जातं, आणि आधी ठरवलेल्या किमान, म्हणजे राखीव, किमतीपर्यंत बोली गेली नाही तर वस्तू मालकाकडे परत जाते. कुठलीही वस्तू कानाला धरून उचलायची नाही, दोन्ही हातांनी बुडाखालून धरायची. आणि आधी पाहायचं ते बूडच. दर्शनी बाजू कुणीही चकचकीत करतं, बुडाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही.

चांदीच्या तासाला मी सगळ्यात जास्त रमले. आपल्याकडे 'हॉलमार्कचं सोनं' हा शब्द घरोघरी आहे, पण तो लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून, म्हणजे सोनारांच्या संघाच्या इमारतीवरून, आला हे मला इथं कळलं. भांड्यावरच्या ठशांत पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला तपासलेली, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला. शेजारचं एक अक्षर म्हणजे वर्ष, आणि ही अक्षरांची पद्धत १४७८ पासूनची. दोनशे वर्षांपूर्वीचा चमचा हातात घेऊन तो कुठल्या शहरात, कुठल्या साली तपासला ते सांगता येतं. पण प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकटीत ठोकून 'ई पी एन एस' लिहिलेलंही सापडतं. लांबून ठसेच वाटतात. ती चांदी नसते, निकेलच्या मिश्रधातूवर चढवलेला चांदीचा मुलामा असतो.

शुक्रवारी पहाटे लंडनच्या बर्मंडसी भागात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. थंडीत अंधारातच टॉर्च घेऊन जायचं. तिथल्या ओट्यांमधून फिरताना सरांनी एक कायदा सांगितला. अशा ठरलेल्या खुल्या बाजारात दिवसाउजेडी, सचोटीनं वस्तू विकत घेतली, तर ती नंतर चोरीची निघाली तरी मालकी घेणाऱ्याचीच राहायची. १९९४ मध्ये हा कायदा बदलला, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. आता प्रत्येक वस्तूला प्रश्न विचारावा लागतो : तू कुणाकडे होतीस, तिथून कशी निघालीस? या मालकीच्या साखळीला इथं प्रॉव्हेनन्स म्हणतात. भारतातून आलेली मूर्ती असेल तर मी सगळ्यात आधी कागद मागते. १९७२ च्या आपल्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडची पुराणवस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि हस्तलिखितांसाठी तर ७५ वर्षंच पुरतात. कागद नसलेली मूर्ती कितीही देखणी असो, मला ती कुठल्या तरी देवळातला रिकामा कोनाडाच वाटते.

एप्रिल २०२५ मध्ये सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात नागपूरच्या पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार निघाली. लिलावाआधी वस्तू लोकांना पाहायला ठेवतात, तेव्हा मी गेले. पातं युरोपात घडवलेलं, सरळ, एकधारी. आणि पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्यानं देवनागरीत लिहिलेलं : 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. सेनासाहेबसुभा ही त्यांची पदवी, फिरंग म्हणजे विलायती पात्याची तलवार. परक्या देशातल्या त्या दालनात ती अक्षरं मी वाचली आणि मला पुढचं काही दिसेना. माझ्या घरापासून भोसल्यांचा वाडा चालत पाच मिनिटांवर आहे. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, तेव्हा वाड्यातली चीजवस्तू इंग्रजांनी विकायला काढली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याला. मी ज्या धंद्याचं शिक्षण घेतलं, त्या धंद्याचा माझ्या गावाशी आलेला हा जुना संबंध. तो विसरून मला काम करायचं नाही.

ती तलवार महाराष्ट्र सरकारनं सुमारे ४७ लाखांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पात्यावर नाव होतं, म्हणून ती कुणाची हे कुणालाही सांगावं लागलं नाही.

आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर घरून कळलं की आजीची चांदीची गुलाबदाणी नागपूरच्या इतवारीत मोडीत दिली. काट्यावर ठेवली, घट कापली, वजनाचे पैसे हातात आले. फसवलं कुणीच नाही, बाजाराची रीतच ती. पण तिच्या बुडावर आजीच्या वडिलांचं नाव आणि लग्नाचं वर्ष कोरलेलं होतं, आणि काट्याला नावाचं वजन कळत नाही. मी त्या रात्री खूप रडले. इकडच्या लिलावगृहांत एखाद्या मालकाचं नाव शोधायला महिनोन्‌महिने जुनी बिलं चाळतात, आणि आपल्याकडे पितळेच्या घंगाळापासून स्टीलच्या डब्यापर्यंत सगळ्यावर नाव, तारीख, 'कडून सप्रेम भेट' घातलेलं असतं! इतकी जपलेली साखळी मी इथं फार क्वचित पाहिलीय.

ज्यांना या वाटेनं यायचंय त्यांनी लगेच परदेशच गाठावा असं नाही. नोएडाला केंद्र सरकारची भारतीय विरासत संस्था आहे, तिथं कलेचा इतिहास, संग्रहालयशास्त्र आणि जतन या तिन्हींत एम. ए. करता येतं. लिलावगृहं मुंबईतही आहेत. पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि मोडी लिपी शिका. भोसलेकालीन कागद वाचता येणारा माणूस या धंद्यात शोधून सापडत नाही.

परवा आत्याला व्हिडिओ कॉल लावला. "काय करून राहिली तू, जेवली का?" झाल्यावर मी तिला देवघरातली चांदीची भांडी एकेक करून उलटी दाखवायला लावली. ती वाचत होती, मी वहीत उतरवत होते. एका फुलपात्रापाशी ती अडली.

"इथलं घासून गेलं गं, काही दिसत नाही."

"आत्या, त्याच्यावर हाऽ कर."

तिनं चष्मा वर सरकवला, फुलपात्र तोंडाशी नेलं, मग खिडकीकडे धरलं.

"थांब, थांब... 'शके १८६०'. आणि खाली... अगं, हे तर माझ्या आईचं माहेरचं नाव!"

मग तिनं फोन तसाच ओट्यावर ठेवला आणि काकांना हाक मारत आतल्या खोलीत गेली.