कॉम्प्रेसर सुरू होत नाही? आधी सांगा, बंद कसा केला होता

हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला नाही तर काय बघायचं आणि नवीन कधी घ्यायचा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. साकीनाक्याचा गाळा असो, कुर्ल्याचं गॅरेज असो की दादरचा दातांचा दवाखाना, मला येणारा फोन बहुतेक वेळा सारखाच असतो. "कॉम्प्रेसर चालूच होत नाहीये. मोटर जळाली वाटतं. नवीन किती पडेल?"

मी त्यावर एकच उलटा प्रश्न विचारतो. शेवटचा बंद कसा केला होता? समोरच्याला वाटतं मी विषय बदलतोय. पण पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये सुरू न होण्याचं कारण फार वेळा आदल्या वेळच्या बंद होण्यात दडलेलं असतं, आणि ते मोटर उघडून सापडत नाही.

टाकीतला दाब बघून मोटर चालू-बंद करतो तो प्रेशर स्विच. त्याच्या बुडाला किंवा बाजूला एक बारीक नळी जोडलेली दिसेल. टाकी भरली, स्विचने मोटर तोडली, की तिथून दोन-तीन सेकंद फुस्स आवाज येतो. हेडपासून, म्हणजे पिस्टनच्या वरच्या झाकणापासून, टाकीच्या तोंडावरच्या नॉन-रिटर्न (हवा टाकीत जाऊ देणाऱ्या, पण परत न येऊ देणाऱ्या) व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपात अडकलेली हवा त्या वाटेने बाहेर जाते. टाकीतली हवा टाकीतच राहते, पिस्टनच्या डोक्यावर मात्र काही दाब उरत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी मोटर मोकळी उठते, वेग घेते आणि मग तिच्यावर भार येतो.

हे झालं नाही तर काय होतं, त्याचा हिशोब सांगतो. ७० मिलिमीटरचा पिस्टन धरा. त्याचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर. पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोचा दाब अडकलेला असेल, तर पहिल्याच फेऱ्यात पिस्टन वर पोचताना त्याच्यावर जवळपास २७० किलोचा जोर येतो. थांबलेल्या मोटरला तो पेलवत नाही. ती न फिरता नुसती घुमते, थरथरते आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट ओढला की तुटणारा स्विच, तिची वीज तोडतो. मालक म्हणतो मोटर गेली.

आता बंद कसं करतात ते बघा. रात्री दुकान आवरायची घाई असते. टाकी अर्धी भरलेली, मोटर चालू, आणि पोऱ्या भिंतीवरचा मेन पाडतो. मोटर थांबते, पण प्रेशर स्विच 'ऑन'वरच राहतो, म्हणून ती बारीक वाट उघडतच नाही. फुस्स होत नाही. लाइट गेली तरी हेच घडतं, आणि लाइट परत येते त्या क्षणी मोटर भरल्या दाबावर उठायला बघते. म्हणून माझं सांगणं असतं, की आधी प्रेशर स्विचचा खटका 'ऑफ' करा, फुस्स ऐका, मगच भिंतीवरचं बटण. लाइट गेली की पहिला तोच खटका पाडा. या एका सवयीने कितीतरी मोटरी वाचतात.

काही जणांकडे उलटी तक्रार असते. कॉम्प्रेसर बंद झाला तरी फुस्स थांबतच नाही, सूं सूं चालूच राहतं आणि गेजचा काटा हळूहळू खाली येतो. ते लोक प्रेशर स्विच बदलून आणतात. तरी आवाज थांबत नाही, कारण दोष स्विचचा नसतोच. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय, आणि टाकीतली हवा उलटी येऊन त्या नळीतून जातेय.

भांडुपच्या एका टायरवाल्याकडे हेच होतं. फक्त त्याने आवाजाला कंटाळून त्या नळीच्या जागी प्लग मारला होता. आवाज बंद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्रेसरही. मी पोचलो तेव्हा तो ओव्हरलोडचं लाल बटण दाबत होता, मोटर घुमत होती, बटण पुन्हा बाहेर येत होतं. "दादा, हात काढा आधी," म्हटलं. प्लग काढून टाकला, टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक हळूहळू उघडला. आधी चहाच्या रंगाचं गंजाचं पाणी, मग हवा. गेज शून्यावर आल्यावर कॉक बंद करून खटका वर केला, तर मोटर एका दमात उठली. मग पुन्हा सगळं बंद करून, टाकी पूर्ण रिकामी करून, पितळी व्हॉल्व्हचं झाकण खोललं. आतल्या चकतीवर बसकीचा (चकती जिथे टेकते त्या कडेचा) गोल वण पडलेला आणि त्यावर तेलाच्या काजळीत रुतलेली गंजाची एक खपली. एवढ्याशा खपलीमुळे माणूस नवीन कॉम्प्रेसर घ्यायला निघाला होता. चकती नवीन टाकली, बसक पुसून घेतली, नळी परत जोडली.

तेव्हा पहिली परीक्षा हीच: टाकी रिकामी करा आणि मग सुरू करून बघा. रिकाम्या टाकीवर मोटर नीट उठत असेल, तर मोटर चांगली आहे. व्हॉल्व्ह, नळी आणि स्विच बघा. कॉक मात्र तोंड बाजूला ठेवून, सावकाश उघडायचा. आणि टाकीत हवा असताना नॉन-रिटर्न व्हॉल्व्हला पाना लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

लाल बटणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नुकसान तिथे होतं. फिरू न शकणारी मोटर चालताना लागणाऱ्या करंटच्या पाच-सहा पट करंट खेचते. फिरत नाही म्हणून तिचा पंखाही वारा घालत नाही. प्रत्येक दाबण्यासरशी वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापतं, वरचं वार्निश भाजतं. दोनदा ट्रिप झाली की थांबा. चांगली मोटर माझ्याकडे येईपर्यंत खरोखर जळलेली असते, ती बहुतेक अशीच.

रिकाम्या टाकीवरही नुसती घुमत असेल, तर मेन पाडा, विजेचा प्लग काढा आणि पुली हाताने फिरवून बघा. जड अडकत असेल तर पंपात दोष आहे: तेल संपलं, क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) धरला. मोकळी फिरत असेल तर दोष विजेच्या बाजूला. सिंगल फेजवर पहिला संशय कपॅसिटरचा, मोटरला उठताना जोर देणाऱ्या डबीचा. फुगलेला, तेल गळालेला असेल तर डोळ्यांनाच कळतं. नाहीतर मीटरवर मायक्रोफॅरड मोजून लेबलाशी ताडा. हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना होल्डरमधल्या १०० वॉटच्या तारेच्या पिवळ्या बल्बच्या वायरी टेकवून तो रिकामा करा, वीज बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो. कपॅसिटर ठीक निघाला तर मोटरच्या आतला सेंट्रिफ्यूगल स्विच (मोटरने वेग घेतला की आपोआप उघडणारा) बघावा लागतो. पट्ट्याला हाताने ढकलून चालू करणारे लोक मी पाहिलेत. मोटर उठली की बोट पट्ट्याबरोबर पुलीत जातं. कृपा करून हे करू नका.

थ्री फेजवर घुमणं म्हणजे बहुधा एक फेज गेलेला. इथे टेस्टर फसवतो. मोटर जोडलेली असताना मेलेल्या फेजवरही वायंडिंगमधून उलटा करंट येतो आणि टेस्टर पेटतो, तिन्ही फेज आहेत असं वाटतं. स्टार्टर बंद ठेवून, येणाऱ्या बाजूला, दोन-दोन फेजमध्ये मीटरने मोजा. तिन्ही जोड्यांत ४१५च्या आसपास आलं पाहिजे.

व्होल्टेजचं वेगळं दुखणं असतं. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण; वीज कुणाचीही असो, विजेच्या मीटरपाशी ठीक असलेलं व्होल्टेज गाळ्यातल्या लांबलचक बारीक वायरीत पडतं. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ९-१० अँपियर घेते, उठताना त्याच्या कितीतरी पट. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३०चे १८४ झाले म्हणजे व्होल्टेज ८० टक्के उरलं, पण जोर ६४ टक्केच. म्हणून विजेच्या मीटरपाशी मोजू नका, मोटरच्या टर्मिनलवर आणि सुरू होण्याच्या क्षणी मोजा. गुंडाळलेला एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाकल्यावर बरे झालेले कॉम्प्रेसर बरेच आहेत.

आणि काहीच आवाज नसेल, घुमणंही नाही, तर आधी गेज बघा. टाकी भरलेलीच असेल तर स्विच मोटर लावणारच नाही, दाब खालच्या मर्यादेपर्यंत उतरावा लागतो. एका दवाखान्यातल्या मॅडमचा कॉम्प्रेसर असाच 'बंद' होता. त्यांना सांगितलं की हवा सोडा, आणि फोन चालू असतानाच मोटर लागली. ते नसेल तर एमसीबी, मग ओव्हरलोड, मग प्रेशर स्विचचे पॉइंट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते पॉइंट हिरवे-काळे पडतात, मध्ये मुंग्या भाजलेल्या सापडतात. वीज तोडून साफ करा, फार खाल्ले गेले असतील तर बदला.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर, २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठच्या गाळ्यांत पाणी भरलं होतं. तळमजल्यावरच्या मशिनांवर आजही जोराच्या पावसात तीच वेळ येऊ शकते. पाण्यात बुडालेली मोटर बाहेरून वाळलेली दिसली म्हणून चालू करायची नाही. गोड्या पाण्याने धुऊन, उघडून, वाळवून, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) इन्सुलेशन १ मेगाओमच्या वर आलं तरच वीज द्यायची. बुडालेली मोटर वाचते, घाईने चालू केलेली वाचत नाही.

राहिला नवीन घेण्याचा प्रश्न. मोटर जळाली असेल तर रिवाइंडिंग होतं, पंपाच्या रिंगा मिळतात, स्विच मिळतो. मी नवीन घ्यायला सांगतो ते टाकीवरून. रोज पाणी न काढलेली टाकी आतून, बुडाकडून खात येते. बाहेर गंजाचा फोड दिसला, हातोडीने ठोकल्यावर पापुद्रा सुटला किंवा सुईएवढ्या भोकातून हवा येऊ लागली, की ती टाकी संपली. त्यावर वेल्डिंगचा टाका मारून आणणारे पुष्कळ आहेत. आजूबाजूचा पत्रा तितकाच पातळ झालेला असतो आणि आत ७ किलोचा दाब असतो, शेजारी माणूस टायर भरत बसलेला असतो. अशा टाकीवरची चांगली मोटर मी काढून देतो, टाकी मात्र जोडून देत नाही.