चोर्ला घाटात थांबणारी एफसी-१५० आणि तिच्या इंधन पंपाचा शोध

चवथीनंतरच्या दोन महिन्यांत आमच्या एफसी-१५० या जुन्या विलीज जीपगाडीने गोव्यातून बेळगावकडे चढणाऱ्या चोर्ला घाटात तीन वेळा दगा दिला आणि सुरुवातीला सगळा दोष इलेक्ट्रिक इंधन पंपावर टाकून मी मोकळा झालो. चौथ्या फेरीत गाडी न थांबता वर चढली आणि परतही आली, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे. विलीजच्या एफ-हेड पेट्रोल इंजिनाच्या जुन्या गाड्या ज्यांनी सांभाळल्या आहेत आणि मूळचा यांत्रिक पंप काढून १२ व्होल्टचा पंप बसवला आहे, त्यांना यातील मोजमापे उपयोगी पडतील.

ही गाडी फॉरवर्ड कंट्रोल पद्धतीची आहे, म्हणजे चालक पुढच्या आसावर बसतो आणि २,१९९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन केबिनमध्येच दोन आसनांच्या मधल्या पेटीखाली असते. त्या पेटीत उष्णता किती कोंडते, हे मे महिन्यात साखळीहून फोंड्याला जाऊन आलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मूळचा पंप इंजिनालाच जोडलेला, कॅमशाफ्टवर चालणारा आणि डायफ्रामचा होता. तो टाकीतून पेट्रोल ओढत असे, आणि तापलेल्या नळीत ओढ निर्माण झाली की पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटत असे. आधीच्या मालकाने तो काढून त्या जागी पत्र्याची पट्टी बसवली आणि मागे हौद्याखाली, टाकीशेजारी, टिकटिक आवाज करणारा सोलेनॉइडचा (विद्युतचुंबकाने चालणारा) पंप लावला. ही मांडणी तत्त्वतः बरोबर आहे, कारण असे पंप ओढण्यापेक्षा ढकलण्याचे काम चांगले करतात.

त्रासाचे स्वरूप असे होते. सपाट रस्त्यावर, अगदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत जाऊन येतानाही, काही होत नसे. केरी सोडून घाट चढू लागलो आणि अंजुणे धरणाचे पाणी खाली दिसू लागले की इंजिन आधी ओढ सोडायचे, मग खोकायचे आणि शेवटी बंद पडायचे. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशा थाटात ते पुन्हा सुरू होई. इग्निशनचा दोष असता तर इंजिन बहुधा एकदम बंद पडले असते, इथे मात्र ते हळूहळू उपाशी मरत होते. खात्रीसाठी मी एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवला, तेव्हा आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी होती, ती उडाली नाही. याचा अर्थ फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी साठवण, रिकामे होते.

इथे माझी पहिली चूक झाली. काहीही न मोजता मी नवा पंप आणून बसवला. दोन आठवडे समाधानात गेले, कारण त्या दोन आठवड्यांत मी घाटात गेलोच नव्हतो. तिसऱ्या आठवड्यात गाडी जवळजवळ त्याच वळणावर थांबली.

डिचोलीला खाणीच्या ट्रकांवर आयुष्य काढलेले एक वयस्क मेस्त्री आहेत. त्यांना हकीकत सांगितल्यावर त्यांनी पंपाची चौकशीच केली नाही. पंपाची अर्थ (ऋण बाजूची जोडणी) कुठे दिली आहे, एवढेच विचारले. ती चॅसीवर, पंपाच्याच बोल्टखाली दिलेली होती. चॅसीवर जुन्या गंजावर मारलेला रंग होता आणि त्यावर आपल्याकडच्या पावसाळ्यांचे थर बसलेले होते.

मग मोजमाप सुरू केले. सांधा सोडवून तारेच्या टोकाला मीटर लावला तर पूर्ण व्होल्टेज दिसते आणि माणूस फसतो, कारण प्रवाह वाहत नसताना खराब सांध्यावर काहीच घट होत नाही. पंप चालू ठेवूनच मोजले पाहिजे. शिवाय हा पंप ठोक्याठोक्याने वीज घेत असल्यामुळे डिजिटल मीटरचे आकडे सारखे उड्या मारतात, म्हणून मी वडिलांचा सुईचा मीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.७ व्होल्ट होते आणि पंपाच्या दोन टोकांमध्ये जेमतेम ९.५. मधले ४.२ व्होल्ट कुठे गेले हे पाहण्यासाठी बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन टोकापर्यंत मोजले तेव्हा १.३ व्होल्टची घट आढळली, आणि पंपाच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले तेव्हा तब्बल २.९ व्होल्टची. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट मी तरी चालवून घेत नाही.

दुरुस्तीत दोन कामे केली. पंपाची काळी तार चॅसीवर न सोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेली. धन बाजूला आजवर सगळी वीज इग्निशन स्विच आणि डॅशबोर्डामागच्या जुन्या, सुती वेष्टणाच्या तारांतून येत होती. तिथे बॅटरीजवळ रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह जोडणारा स्विच, बसवला. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरीची तार, ८७ला पंप, आणि ८५-८६वर स्विचची जुनी तार व अर्थ. आता स्विचला फक्त रिलेची गुंडाळी ओढावी लागते. यानंतर पंपावर १३.३ व्होल्ट मिळू लागले आणि पंपाची टिकटिक ऐकूनच फरक कळत होता. पूर्वी ओळखीच्या एका मॉरिस मायनरचा एसयू पंप अडला की मालक त्याला चपलेने ठोकत असत, कारण त्यात कॉन्टॅक्ट पॉइंट होते आणि ते चिकटत. पॉइंट नसलेल्या या पंपाला मीही घाटात दोनदा पान्ह्याने ठोकले होते, हे इथे कबूल करतो.

एवढे झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटले, पण त्याच रात्री वहीत मांडलेल्या हिशेबाने शंका आली. रिले बसवण्याआधी कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोडून (गाडी उघड्यावर, इंजिन थंड, कॉइलची तार काढलेली, शेजारी वाळूची बादली) मी प्रवाह मोजला होता आणि ३० सेकंदांत सुमारे ४५० मिलिलीटर पेट्रोल आले होते. घाटात ही गाडी लिटरला ५ किलोमीटर देते आणि ताशी २५ किलोमीटरने चढते असे धरले, तर तिला तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ८५ मिलिलीटरसुद्धा लागत नाहीत. मिनिटाला ९०० मिलिलीटर देणारा पंप, व्होल्टेज कमी असले तरी, या इंजिनाला उपाशी ठेवूच शकत नाही. अर्थ खराब होती हे खरे, पण गाडी थांबण्याला ती एकटी पुरेशी नव्हती. आणि झालेही तसेच: तिसऱ्या वेळी, रिले बसवल्यानंतर, गाडी आधीच्यापेक्षा दोन वळणे पुढे जाऊन थांबली.

त्या दिवशी सहज म्हणून पेट्रोल पाहायला टाकीचे झाकण फिरवले आणि आत ‘सूंऽऽ’ करीत हवा शिरली. बाटलीची चाचणी घेताना मी झाकण उघडेच ठेवले होते, त्यामुळे त्या चाचणीत पंप उत्तीर्ण होणारच होता.

घरी येऊन टाकीच्या वायुनळीत (बाहेरची हवा टाकीत येऊ देणाऱ्या नळीत) बारीक तार घातली तेव्हा आतून वाळलेल्या मातीचा गोळा निघाला. कुंभारमाशीने नळीच्या तोंडात घर बांधले होते. गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी होती, आणि आमच्या शेडमध्ये या माश्यांनी कुलपाचे छिद्रही सोडलेले नाही.

आता सगळे जुळते. पेट्रोल खर्च होते तितकी हवा टाकीत शिरली नाही की आत निर्वात वाढतो, पंपाला त्याच्याविरुद्ध ओढावे लागते आणि कमी दाबामुळे पंपाकडे जाणाऱ्या आखूड नळीतच पेट्रोलची वाफ होऊ लागते. घाटाला निघताना मी नेहमी टाकी काठोकाठ भरून घेत असे. भरलेल्या टाकीत वरची हवेची जागा अगदी थोडी असते, म्हणून लिटर-दोन लिटर पेट्रोल जाताच दाब झपाट्याने उतरतो. म्हापशाला मात्र मी अर्ध्या टाकीवरच जात होतो. आणि घाटात दहा मिनिटे थांबल्यावर गाडी का सुरू होई, तर मातीच्या फटींतून तेवढ्या वेळात थोडी हवा झिरपत असे. कमी व्होल्टेजमुळे दुबळा झालेला पंप या ओढीपुढे लवकर हरत होता आणि पुरे व्होल्टेज मिळालेला पंप दोन वळणे उशिरा.

वायुनळी साफ करून तिच्या तोंडाला पितळी जाळी बांधली आहे आणि तोंड खाली वळवले आहे. त्याच बैठकीत पंपाच्या दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्याही बदलल्या. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून जुने रबर मऊ पडते, आणि माझी एक नळी बोटाने दाबल्यावर परत फुगत नव्हती. फिल्टरमध्ये तांबूस गंज दिसला तो टाकीचा असावा. तो विषय वेगळा आहे आणि टाकी उतरवल्याशिवाय संपणार नाही.

गेल्या रविवारी टाकी मुद्दाम काठोकाठ भरून केरीहून चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत गेलो. कार्ब्युरेटरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दाबाचा मीटर बसवला होता. काटा सगळा वेळ ३ पीएसआयच्या आसपास राहिला. वर पोचल्यावर झाकण उघडले, आवाज आला नाही.

एक काम उरले आहे. अपघातात इंजिन थांबले आणि स्विच चालूच राहिला, तर हा पंप पेट्रोल ढकलत राहील, आणि ते केबिनमधल्या इंजिनापर्यंत येते. म्हणून रिलेची तार ऑइल प्रेशर स्विचमधून न्यायची आहे. साध्या इंडिकेटर दिव्याचा स्विच उलटा चालतो, दाब नसताना जोडतो, त्यामुळे तो सरळ वापरता येत नाही. दाब आल्यावर जोडणारा स्विच मागवला आहे, आणि स्टार्टर मारताना पंपाला वीज मिळावी म्हणून स्टार्टरच्या सोलेनॉइडवरून वेगळी तार घ्यावी लागेल. जोडणी झाल्यावर तिचा आराखडा याच नोंदीच्या पुढच्या भागात देईन.