हेक्स रिव्हरच्या बागा आणि सातबारा

आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या बागाईतदाराला दक्षिण आफ्रिका माहीत असते ती द्राक्षाच्या दरामुळे. जानेवारीपासून युरोपच्या बाजारात आमचा माल उतरतो, तेव्हा त्यांचाही उतरत असतो. तिकडचा माल जास्त झाला की इकडे एक्स्पोर्टवाल्याचा सूर बदलतो. म्हणून अभ्यासदौऱ्याला निघाले तेव्हा वाण, मांडव, पाणी एवढंच बघून यायचं ठरवलं होतं.

केप टाउनहून दीडएकशे किलोमीटरवर हेक्स नदीचं खोरं आहे. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर आणि मधे नजर पोचेल तिथवर द्राक्षं. डी डोर्न्स हे तिथलं मोठं गाव. एका बागेत बायका थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी काढायचं काम करत होत्या. तशीच छोटी कात्री, तशीच मान वर करून दिवसभर उभं राहायची रीत, आणि अंगठ्याच्या बुडाशी कात्रीनं पडलेला घट्टाही तसाच. मी माझा अंगठा पुढे केला तशी त्यातली एक बाई हसली आणि सुपरवायझरच्या मार्फत बोलायला लागली. बाग किती? चार एकर. मालक कोण? मीच. तिनं सुपरवायझरला पुन्हा विचारायला लावलं. उत्तर तेच आलं तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतलं.

तिची आई आणि आजीही याच खोऱ्यात राबल्या होत्या. राहतं घर मालकाचं. नोकरी गेली तर घराचं काय, ही धास्ती तिच्या आजीला होती तशीच तिलाही आहे. तिच्या घराण्यात कुणाच्याही नावावर जमीन कधीच नव्हती.

वर्णभेदाचे कायदे जाऊन तीस वर्षं झाली, मग असं का, हा प्रश्न मला तिथून सोडेना. आल्यावर जमेल ते वाचलं. १९१३ च्या जमीन कायद्यानं देशातल्या बहुसंख्य काळ्या लोकांना जेमतेम सात टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती तेरा टक्क्यांपर्यंत नेली. १९५० मध्ये प्रत्येक माणसाची वर्णानुसार नोंद करायचा कायदा आला, आणि कुणी कुठे राहायचं हे ठरवणाराही. केप टाउनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांवर माणसं शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवर नेऊन टाकली. नव्या सरकारनं गरिबांना लाखो घरं बांधून दिली, पण जमीन स्वस्त मिळाली ती शहराच्या कडेलाच. त्यामुळे कामाला जाणारी माणसं आजही पहाटे तिथूनच निघतात.

पण मला सगळ्यात बोचली ती एक तारीख. १९९४ मध्ये जमीन परत करण्याचा कायदा झाला, आणि दावा कुणाला करता येईल? १९ जून १९१३ नंतर ज्यांची जमीन गेली त्यांना. त्या बाईचे पूर्वज होते केपचे मूळ खोई लोक आणि डच कंपनीनं गुलाम म्हणून आणलेली माणसं. त्यांत आपल्या बंगालची, मलबारची माणसंही होती. खोई लोकांची जमीन गेली ती सतराव्या-अठराव्या शतकात. गुलामाला तर जमीन नव्हतीच. म्हणजे अन्याय जितका जुना, तितका हक्क कमी! पुढे तिथल्या बागांत मजुरीचा काही भाग स्वस्त दारूच्या रूपात द्यायची पद्धत पडली आणि कायद्यानं बंदी आल्यावरही चालू राहिली. पोटातच दारूनं इजा झालेली मुलं जगात सर्वाधिक जिथे जन्मतात, त्या भागांत हा केपचा प्रांत येतो. २०१२ च्या नोव्हेंबरात डी डोर्न्सचे मजूर रस्त्यावर उतरले. तेव्हा किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती, त्यांनी १५० मागितले, मार्च २०१३ पासून १०५ झाले. जमिनीच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे निघाली, आणि लोकसंख्येत गोरे आहेत आठ टक्क्यांच्या आसपास.

माझे चार एकर कुठून आले, हेही सांगायला हवं. माझे आजेसासरे कूळ होते. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्यानं कसणाऱ्याला मालक मानलं, म्हणून आज बँक मला दारात उभी करते, म्हणून मुलगी इंजिनिअरिंगला आहे. कायद्यानं जमीन दिली की तीन पिढ्यांत काय होतं, ते मी स्वतःच्या घरात बघितलंय. पण कूळ म्हणून ज्याचं नाव लागलं होतं त्यालाच ती मिळाली. मजुराला नाही, आणि गावकुसाबाहेर ज्याला कुणी कूळ म्हणूनही ठेवलं नव्हतं त्यालाही नाही.

दादासाहेब गायकवाड आमच्याच तालुक्यातले, आंबे गावचे. १९३० मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्याची नाशिकमधली धुरा त्यांनी वाहिली. तो सत्याग्रह शाळेत सगळ्यांना शिकवतात. पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं त्यात उतरली, पण त्याबद्दल आमच्या गावात नव्या पोरांना विचारा, एकाला सांगता येणार नाही. दार उघडून भागत नाही, पायाखाली जमीनही लागते, हे दादासाहेबांना फार लवकर उमगलं होतं असं मला वाटतं.

गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात त्या छाटणीनंतर, माझ्या बागेत पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी येते. कोकणा, महादेव कोळी कुटुंबं, लेकराबाळांसकट. पूर्वी ती बांधावर ताडपत्रीच्या पालात राहायची. हेक्स रिव्हरहून आल्यावर मी पत्र्याच्या पक्क्या खोल्या, संडास आणि न्हाणीघर बांधून घेतलं, आणि मजुरी उक्त्यात मुकादमाकडे न देता प्रत्येकीच्या खात्यात टाकते. एवढ्यानं जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. त्यातल्या दोघी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चात होत्या. पायाला फोड आले तरी त्या परत फिरल्या नाहीत. मागणी वनहक्काची होती. २००६ च्या कायद्यानं कसत असलेली वनजमीन नावावर व्हायला हवी. एकीचा दावा तीन एकरांचा, कागद आला तो वीस गुंठ्यांचा. अपिलाचे कागद सध्या माझ्याकडे आहेत. या छाटणीच्या आधी आम्ही दोघी मिळून ते दाखल करणार आहोत.