एक राउटर, दोन लाइनी आणि कोकणातला पाऊस

घरातल्या एकाच राउटरला इंटरनेटच्या दोन लाइनी जोडल्या की काम दोघींत वाटलं जातं आणि एक गेली तरी दुसरी चालते. पण दोन कंपन्यांचं फायबर घेतलं म्हणजे दोन लाइनी झाल्या, असं कोकणात धरून चालू नका. दोन्ही केबली एकाच खांबावरून, एकाच आंब्याखालून येत असतील तर एक फांदी दोघींना पुरते. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे तर खांबच आडवे झाले होते. त्यामुळे एक लाइन फायबरची आणि दुसरी सिमवरची, हीच जोडी बरी. सिमचा राउटर चिऱ्याच्या भिंतीआड ठेवलात तर रेंज मार खाते. माळ्यावर, टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा.

जोडण्याआधी प्रत्येक डब्याचा, म्हणजे फायबरच्या मोडेमचा आणि सिमच्या राउटरचा, नेटवर्कमधला पत्ता (आयपी) तपासा. बरेच डबे कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ घेऊन येतात, आणि दोघांचा पत्ता एकच निघाला की मुख्य राउटर गोंधळतो. फायबरच्या डब्याला १९२.१६८.१.१ राहू दे, सिमवाल्याला १९२.१६८.८.१ आणि घरातल्या नेटवर्कला १९२.१६८.१०.१ द्या.

मुख्य राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत, खुली प्रणाली) असेल तर लाइनी वाटून देणारं एमवॅन३ हे पॅकेज लागतं. नेटवर्क सेटिंगमध्ये दोन्ही वॅनचे (बाहेरून येणाऱ्या लाइनींचे) मेट्रिक, म्हणजे पसंतीक्रमाचे आकडे, वेगळे हवेत: फायबर १०, सिम २०. एमवॅन३ च्या मेंबरमध्ये, म्हणजे तिथल्या प्रत्येक लाइनीच्या नोंदीत, मात्र उलट. तिथे मेट्रिक सारखा असेल तरच वाटणी होते, वेगळा असेल तर दुसरी लाइन नुसती राखीव बसते. वजन, म्हणजे प्रत्येक लाइनीचा वाटा, रात्री नऊच्या मोजलेल्या स्पीडवरून ठरवा, पावतीवरच्या आकड्यावरून नाही. फायबर १००, सिम २० एमबीपीएस मिळत असेल तर ५ आणि १. वाटणी कनेक्शननिहाय होते, म्हणून एकच मोठी फाइल उतरवताना १२० मिळणार नाहीत.

बँकेची साइट मधेच बाहेर फेकते ती याच वाटणीमुळे: एक कनेक्शन एका आयपीवरून, पुढचं दुसऱ्यावरून. पोर्ट ४४३ च्या (सुरक्षित वेबसाइटींच्या) नियमाला स्टिकी चालू करा, म्हणजे तोच फोन त्याच लाइनीवर राहतो; टाइमआउट ६०० सेकंद. नियम वरून खाली वाचले जातात. त्यामुळे सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डरचा) ‘फक्त फायबर’ नियम सगळ्यात वर, आणि त्या पॉलिसीचा लास्ट रिसॉर्ट (लाइन नसेल तर काय करायचं) अनरीचेबल, म्हणजे वाट बंद. हे करायचं राहिलं तर फायबर तुटल्यावर कॅमेरे सिमचा दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपवतात. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) सुरुवातीला लॅनवर, म्हणजे घरातल्या नेटवर्कवर, बंदच ठेवा, नाहीतर फोन त्या वाटेने निघून जातात आणि वाटणी कागदावरच राहते.

लाइन जिवंत आहे का हे बघायला पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) फायबरच्या डब्याला लावू नका. केबल दोन किलोमीटरवर तुटली तरी डबा इमानदारीत उत्तर देतो. ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे बाहेरचे सर्व्हर लावा, रिलायबिलिटी १ (एकाने उत्तर दिलं तरी पुरे), इंटरव्हल ५ सेकंद, डाउन ३ (सलग तीनदा उत्तर नाही आलं की लाइन बाद). साधारण पंधरा सेकंदांत लाइन बाद होते. अप (परत घेण्याआधी सलग किती उत्तरं हवीत) ५ ठेवा, म्हणजे लुकलुकणारी लाइन लगेच परत आत येत नाही.

लाइट गेल्यावर डबे तीन असतात हे विसरू नका: फायबरचा, सिमचा आणि मुख्य राउटर. एकच डबा मिनी यूपीएसवर असून उपयोग नाही. अडॅप्टरवरचे व्होल्ट आधी वाचा. १२ व्होल्टची पिन ९ व्होल्टच्या डब्यात बिनबोभाट बसते आणि डबा जातो.

चाचणी घेताना डबा आणि राउटर यांच्यातली केबल उपटू नका, ती गेलेली राउटरला तत्काळ कळते, म्हणून पिंगची खरी परीक्षा होत नाही. डब्याच्या मागची, बहुतेक ठिकाणी हिरव्या टोकाची, फायबरची पिन काढा, टोकात डोकावू नका आणि लगेच टोपी लावा. खारट दमट हवेत उघडं टोक घाण धरतं, मग परत लावल्यावर लाल दिवा जात नाही.